कार्डातलं एक भोक जास्त

या महिन्यात ‘कॉम्प्युटर आणि करिअर’साठी आलेल्या पत्रांतली चार घेतली आहेत. पहिल्याच पत्रानं जागा खाल्ली, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : ताई, माझं वय २३. पुण्याच्या एका कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून करतो. कंपनीनं कोड लिहून देणारं एआय दिलंय. मी काय हवं ते सांगतो, ते कोड देतं, मी चिकटवतो, चालतं. मागच्या आठवड्यात सिनियरनी एका ओळीवर बोट ठेवलं, ‘हे का लिहिलंस?’ मला सांगता आलं नाही. नोकरीला आठ महिने झाले. मी प्रोग्रामर आहे की नुसता चिकटवणारा, तेच कळेना.
— नाव नको, अशोक चौक

उत्तर : अशोक चौक म्हणजे सोलापूरचा पूर्व भाग, म्हणजे माझं माहेर. तेव्हा तुला अहो-जाहो करत नाही.

माझे वडील जकार्डच्या मागावर होते. चादरीवरचं फूल, मोर, कडेची नक्षी, सगळं पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून ठेवलेलं असायचं. कार्डांची ती लांबलचक माळ मागावर चढवलेली, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड पुढं. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, मधून धोटा जातो. एवढंच. फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ मध्ये हा माग आणला. पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या ॲनालिटिकल इंजिनला (कॉम्प्युटरचा पूर्वज म्हणावं असं गणितयंत्र) हुकूम द्यायला तीच कार्डं घेतली, आणि १८४३ मध्ये गणिती एडा लवलेसनं लिहून ठेवलं की जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे इंजिन बीजगणिताची नक्षी विणतं. कॉलेजात हा धडा आला तेव्हा सरांनी जकार्डचा माग फळ्यावर काढून दाखवला. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घराशेजारी तो खडखडत होता.

तर वडील. कापडात खोट आली की नवखा कारागीर आधी मागाला हात घालायचा. वडील त्याला मागं ओढायचे. ‘आधी तुकडा बघ की रे.’ मग कापड उजेडाकडं धरून बोट फिरवत न्यायचे. उभी रेघ सलग खाली गेली असेल तर ताण्याचा एखादा धागा तुटलाय. एकच बारीक चूक नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात त्याच जागी येत असेल, तर मागाचा दोष नाही, कार्डातच एक भोक जास्त पडलंय. आणि खोट कुठंही, कशीही येत असेल तर (हे ते हळू आवाजात सांगायचे) चालवणाऱ्याचं लक्ष नाही. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण ही तीन वाक्यं ते मराठीतच सांगायचे, कारण शिकायला येणारी पोरं सगळीकडची असायची.

तुझ्या सिनियरनी तुला तुकडा बघायला सांगितला होता.

आता माझी एक फजिती ऐक. एका टॉवेल कारखान्यासाठी मी पगाराचं सॉफ्टवेअर केलं होतं. दर शनिवारी प्रत्येक कामगाराला मराठीत मेसेज जायचा: इतके नग, इतका दर, इतकी उचल वजा, इतके हातात. कामगार साठ. पहिल्या महिन्याचं मेसेजचं बिल अंदाजाच्या तिप्पट आलं. मालक म्हणाले, ‘मॅडम, तुमचं मशीन एकेकाला तीनतीनदा सांगतंय का?’ मी दोन दिवस लूप, म्हणजे कोडाचा पुन्हा पुन्हा फिरणारा भाग, तपासत बसले. कुठं दोनदा फिरतोय का, कुठं परत पाठवतोय का. कोडात काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी कारखान्यात गेले आणि एका कामगाराचा मोबाइल मागून घेतला. मेसेज एकदाच आलेला, पूर्ण, नीट. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत लिहिला की ७० बसतात. त्याहून लांब झाला की त्याचे ६७-६७चे तुकडे पडतात, फोन ते जोडून एकच दाखवतो, बिल मात्र प्रत्येक तुकड्याचं लागतं. माझा मेसेज दीडशेचा. तीन तुकडे. शिवाय आपण मोजतो ती अक्षरं वेगळी आणि यंत्र मोजतं ती वेगळी. ‘सोलापूर’ आपल्याला चार अक्षरी, त्याला सात, कारण काना, मात्रा, ऊकार सगळे वेगळे. ‘श्री’ हे आपलं एक अक्षर, त्याचे चार: श, हलन्त, र, ईकार.

मेसेज ६८ अक्षरांत बसवला. ‘आपणांस कळविण्यात येते की’ हे पहिलं उडवलं; त्याची गरज तशीही कुणाला नव्हती.

परवा तुझं पत्र आल्यावर हाच प्रश्न मी एआयला घालून पाहिला. ‘मेसेजचं बिल तिप्पट येतंय, का?’ त्यानं आधी लूप तपासायला सांगितला, मग परत पाठवण्याची सेटिंग. म्हणजे मी केलेल्याच चुका, फक्त दोन दिवसांऐवजी दहा सेकंदांत. मग मी ‘मेसेज मराठीत आहे’ एवढं एक वाक्य घातलं आणि त्यानं ७० आणि ६७ चा सगळा हिशेब बिनचूक मांडला. त्याला सगळं ठाऊक होतं. फक्त कारखान्यात जाऊन कामगाराचा फोन हातात घेतलेला नव्हता. ते वाक्य मला सुचलं, कारण मी गेले होते.

तेव्हा एआय वापरू नकोस असं मी म्हणत नाही, मी स्वतः रोज वापरते. कोड चिकटवण्याआधी वहीत मराठीत दोन ओळी लिही: हे काय करतं, आणि कुठं फसेल. दुसरी ओळ सुचली नाही तर चिकटवू नकोस. महिनाभर वेग कमी होईल, सिनियरला तसं आधीच सांगून टाक.

आणि एक. ती ओळ का होती, याचं उत्तर नंतर शोधलंस का? पत्रात लिहिलेलं नाहीस. तुला त्या दिवशी सांगता आलं नाही याचं मला काही वाटलं नाही, पत्रात ते उत्तर नाही याचं वाटलं.

प्रश्न : नमस्कार. मी प्रोग्रामर नाही, प्रोग्रामरची आई आहे. मुलगा घरून अमेरिकेच्या कंपनीचं काम करतो. तासन् तास स्क्रीनकडे नुसता बघत बसतो, हात हलत नाहीत. विचारलं तर ‘काम करतोय’ म्हणतो. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, नेमकी तेव्हाच याची मीटिंग. आणि दिवाळी झाली की दरवर्षी रात्रीचं जेवण तासभर पुढं ढकलतो, भाकरी गार होतात. काही विचारलं की चिडतो. याला काही टेन्शन आहे का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : काकू, या महिन्यातलं माझं आवडतं पत्र तुमचं.

आधी जेवणाचं सांगते. मुलाची कंपनी बहुतेक कॅलिफोर्नियाकडची असणार. तिथं सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ होतात आणि हिवाळ्यात साडेदहा. ते लोक मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागं घेतात. आपण घड्याळाला हात लावत नाही, म्हणून आपली मीटिंग सरकते. दिवाळीचा काही संबंध नाही, फक्त आसपास येते. मार्चमध्ये, होळीच्या सुमारास, तो परत वेळेवर जेवायला बसेल, बघा. तोपर्यंत भाकरी मीटिंगच्या आधी वाढा. नाहीतर कडक भाकरीच ठेवा, तिला गार होण्याचं भय नाही. सोबत शेंगाचटणी आणि दही.

नुसता बघत बसतो, त्याबद्दल. आमच्या कामात लिहिणं थोडं आणि वाचणं फार. दुसऱ्या कुणीतरी तीन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं वाचायचं, आणि तो असं का वागला असेल याचा अंदाज बांधायचा. तुम्ही दुसरीच्या स्वयंपाकघरात गेलात तर मिठाचा डबा शोधायला वेळ लागतो ना? तसे हजार डबे, आणि निम्म्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या. त्या वेळी ‘चहा घेतोस का’ विचारलं की हातातला डबा सुटतो. चिडण्याचं कारण बहुतेक तेवढंच. चहा न विचारता शेजारी ठेवा. तो मात्र झोपत नसेल, मित्रांशी बोलणं तुटलं असेल, तर ती गोष्ट वेगळी. मग त्याला शांतपणे बसवून विचारा आणि डॉक्टरांकडं न्यायला लाजू नका.

राहिलं पाणी. यात चूक पूर्ण त्याची. मी पुण्यातून परत आले त्या वर्षी माझ्याही मीटिंगा आणि नळ एकाच वेळी यायचे. मग मी कॅलेंडरमध्ये पाण्याच्या दिवशी तासभर ‘पाणी’ अशी नोंद टाकायला लागले. बंगळूरूच्या मॅनेजरनी दोन महिन्यांनी विचारलं, ‘हे पाणी कोण? त्यांच्याशी तुझी दर आठवड्याला मीटिंग असते, आम्हालाही भेटव.’ मुलाला सांगा, तुमच्या कॅलेंडरमध्येही पाणीसाहेबांना जागा द्या आणि हंडे उचला. उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी आपल्या पाळीलाच येणार, आणि मोटर लावायला आईनंच का पळायचं?

प्रश्न : बीसीए तिसरं वर्ष. पायथन शिकू की जावा? दोन्हींचे ऑनलाइन कोर्स घेतलेत, दोन्ही अर्धे झालेत.
— अक्कलकोट

उत्तर : ज्याचा कोर्स अर्ध्याहून थोडा जास्त झालाय ते. मग कोर्स बंद कर आणि घरातल्या कुणाचं तरी एक वहीतलं काम त्यात उतरव. किराणा दुकानाची उधारी, दूध डेअरीचा हिशेब, भिशी, काहीही. त्या वहीच्या मालकानं आठवडाभर ते स्वतः वापरलं तर मुलाखतीत सांगण्यासारखं तुझ्याकडं काहीतरी आहे. सर्टिफिकेटं सगळ्यांकडंच असतात.

प्रश्न : ताई, मी २५ वर्षांची. सोलापुरातच एका लहान फर्ममध्ये तीन वर्षं काम करते. पगार १८ हजार. ऑफिसात प्रोग्रामर मी एकटीच. आता पुण्याहून ३५ हजारांची ऑफर आलीय. बाबा म्हणतात, भाडं-खाणं जाऊन तेवढेच उरणार, मग घर कशाला सोडायचं? तुम्ही स्वतः पुणं सोडून परत आलात, म्हणून तुम्हाला विचारते. आणि एक अडचण: रुजू होताना फर्मनं माझ्या मूळ मार्कशीट ठेवून घेतल्या होत्या. मागितल्या की ‘बघू’ म्हणतात.
— होटगी रोड

उत्तर : मी परत आले म्हणून तू जाऊ नकोस, असं माझ्याकडून ऐकायला मिळेल अशी तुझ्या बाबांची आशा असेल तर त्यांची निराशा होणार आहे. जा.

बाबांचा हिशेब चुकीचा नाही. पुण्यात खोली, डबा, बस, महिन्यातून एकदा गावी येणं, एवढं धरलं तर पहिलं वर्ष हातात आजच्याइतकेच राहतील. पण पत्रातली मला खुपलेली ओळ पगाराची नव्हती, ‘प्रोग्रामर मी एकटीच’ ही होती. तीन वर्षांत तुझा कोड दुसऱ्या कुणी वाचलेलाच नाही. तू चांगलं लिहितेस की वाईट, हे तुला माहीत नाही आणि मालकांना कळत नाही, त्यांना चाललं म्हणजे झालं. मी २०१४ मध्ये पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या चाळीस ओळींवर एकाहत्तर शेरे आले होते. रात्री खोलीवर रडले. त्यातले साठेक शेरे बरोबर होते, हे कळायला वर्ष गेलं. २०२० मध्ये परत येऊन मी इथून काम करू शकते ते त्या एकाहत्तर शेऱ्यांवर. बाबांना सांग, पुणं काही विलायत नाही. अडीचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, सकाळी गाडीत बसलं तर दुपारचं जेवण घरी.

इंटरव्ह्यूत एकच विचारून घे: ‘माझा कोड कोण तपासणार?’ नाव सांगता आलं नाही तर मात्र बाबांचं ऐक.

मार्कशीटचं तोंडी मागणं आजपासून बंद. ईमेल पाठव: अमुक तारखेला अमुक कागद दिले होते, अमुक तारखेपर्यंत परत हवेत. भाषा नरम, तारीख कडक. आमच्या घरातल्या एकीचे कागद असेच अडकले होते. तिनं आधी राजीनामा दिला, मग कागद मागितले, आणि सहा महिने जिने झिजवले. तू उलट कर. कागद हातात, फोटो काढून झाले, मग राजीनामा. नोटिसीचा काळ पुण्याच्या लोकांना आधीच मोकळेपणानं सांगून ठेव, चांगली कंपनी थांबते.

आणि रुजू होण्याची तारीख मागताना जानेवारीचा शेवट माग. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघतील, गड्ड्याची जत्रा भरेल. बाबांबरोबर जाऊन ये, मग सामान बांध.