वाचकांचे प्रश्न : पाणी फिरतंच, मग विहीर आटते कशी?

प्रश्न : पाण्याचं चक्र अखंड चालतं, पाणी नष्ट होत नाही, असं शिकलो. मग टंचाई कसली?

उत्तर : पाणी संपत नाही हे खरं, पण सगळी गोम वेगात आहे. हवेतली वाफ सरासरी नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते. खोल भूजल मात्र नव्यानं साठायला शेकडो, कधी हजारो वर्षं लागतात, आणि पंप ते काही तासांत उपसतो. शिवाय पृथ्वीवरचं सुमारे ९७.५ टक्के पाणी खारं आहे. उरलेल्या गोड्या पाण्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं, जवळपास ३० टक्के जमिनीखाली. नद्या आणि तलावांच्या वाट्याला त्यातला अर्धा टक्काही येत नाही. समुद्रावरून उडालेल्या वाफेतले दहापैकी नऊ भाग परत समुद्रावरच बरसतात. जमिनीकडे वळतो तो दहावा भाग, आणि तोही हवा तिथे, हवा तेव्हा पडेल याची हमी नाही.

प्रश्न : समुद्राचं पाणी गोडं केलं की प्रश्नच मिटेल ना?

उत्तर : पिण्यापुरता मिटू शकतो. आधुनिक प्रकल्पात हजार लिटरमागे साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते आणि मागे दाट खारं पाणी उरतं, त्याची विल्हेवाट वेगळी. जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला लागतं. एवढं पाणी या मार्गानं पुरवणं परवडणारं नाही.

प्रश्न : छत १०० चौरस मीटरचं आहे. पन्हाळीचा पाइप सरळ बोअरमध्ये सोडला तर?

उत्तर : सरळ सोडू नका. बोअर वाया जाण्याचा हा हमखास मार्ग आहे. पाण्याबरोबर आलेली बारीक माती खडकाच्या भेगांत बसली की ती सहसा निघत नाही, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतले जंतू थेट भूजलात जातात.

आधी हिशेब. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के उडून-सांडून गेलं असं मानलं, तरी तुमच्या छतावरून ४८,००० लिटर मिळतात.

छतावरची घाण घेऊन येणारे पहिल्या सरीचे २ मिलिमीटर, म्हणजे २०० लिटर, बाजूला काढा. त्यासाठी उभा पाइप पुरत नाही. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे जेमतेम आठ लिटर मावतात. दोनशे लिटरचं पिंप लावा आणि तळाशी बारीक छिद्र ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाआधी ते आपोआप रिकामं होईल. हे छिद्र कचऱ्यानं बुजलं की सगळी योजना निकामी होते, आणि ते बुजतंच. दर काही दिवसांनी बघा.

त्यापुढे, बोअरच्या आधी, गाळणखड्डा. तळाशी ५ ते २० सेंटिमीटरचे गोटे, त्यावर ५ ते १० मिलिमीटरची खडी, सगळ्यात वर दीड ते दोन मिलिमीटरची जाड वाळू. वाळू आणि खडीमध्ये नायलॉनची जाळी. बरेच जण हा क्रम उलटा करतात. वाळू वर असली तर गाळ वरच अडतो आणि वरचा थर खरवडून धुता येतो. खाली असली तर अख्खा खड्डा उपसावा लागतो. तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर, वीस टक्के घट धरूनही, खड्ड्यावर तासाभरात ४,००० लिटर आदळतील, म्हणून जास्तीचं पाणी बाहेर काढणारा पाइप हवाच. ॲस्बेस्टॉसच्या किंवा शिशाचा रंग दिलेल्या छताचं पाणी बोअरमध्ये अजिबात नको.

प्रश्न : पुनर्भरणाचा, म्हणजे पाणी असं जमिनीत सोडण्याचा, फायदा झाला की नाही, हे कसं ताडायचं?

उत्तर : पोलादी टेप आणि खडू पुरतात. पंप किमान १२ तास बंद ठेवा. टेपच्या टोकाला छोटं वजन बांधा, शेवटच्या दोन मीटरला खडू फासा आणि टोक पाण्यात बुडेपर्यंत टेप खाली सोडा. केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपच्या, कडेवर पूर्ण आकडा येईल तिथे धरा, समजा २३ मीटर. वर काढल्यावर खडूचा भिजलेला भाग गडद दिसतो. तो ६४ सेंटिमीटर असेल, तर पाणी कडेपासून २२.३६ मीटरवर आहे. टेप पंपाच्या वायरीत गुंतू शकते. घाईनं ओढू नका. नोंद पावसाळ्याआधी आणि नंतर, दरवेळी त्याच कडेवरून घ्या.

पातळी वाढली म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. कठीण खडकात पाणी देऊ शकणारी पोकळी बहुधा १ ते ३ टक्के असते. पातळी एक मीटर चढली म्हणजे साठा फक्त १० ते ३० मिलिमीटरनं, म्हणजे चौरस मीटरमागे १० ते ३० लिटरनं वाढला. हीच वाढ चांगल्या वाळूच्या थरात २०० मिलिमीटरच्या आसपास भरते.

प्रश्न : किनाऱ्याजवळची विहीर खारट होऊ लागली आहे. खोल करावी का?

उत्तर : नाही, त्यानं खारं पाणी आणखी जवळ येईल. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत त्याचा थर असतो. उपशानं पातळी अर्धा मीटर उतरली की खाऱ्या पाण्याची सीमा, समतोल साधल्यावर, सुमारे २० मीटर वर चढते. उपसा कमी करा, एकदम तासन्‌तास पंप चालवण्याऐवजी थोडा थोडा चालवा, आणि विद्युतवाहकता (पाणी जितकं खारं, तितकी ती जास्त) मोजणाऱ्या पेनासारख्या मीटरनं दर आठवड्याला पाणी तपासा. आकडा सलग चढू लागला, तर चव बिघडायची वाट न पाहता पंप थांबवा.