बीजाणू की बीजुक? आणि यीस्टच्या कळीचं काय?

प्रश्न असा आला आहे: ‘सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगवहीचं मराठी करते आहे. स्पोअरला बीजाणू लिहू की बीजुक? स्पोर्युलेशनला काय लिहू? आणि यीस्टला कळ्या फुटतात, त्यांनाच बीजाणू म्हटलं तर चालेल का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे शब्द चुकला तर प्रयोगच चुकेल. नाही चालणार. यीस्टच्या पेशीला फुगवटा येतो, तो वाढतो आणि सुटा होतो, ती कलिका. त्या क्रियेला मुकुलायन म्हणतात. पोट भरलेलं असताना यीस्टचा हाच उद्योग. बीजाणू, म्हणजे तग धरायला किंवा पसरायला घडलेल्या सूक्ष्म पेशी, धरतात ते उपासमारीत. प्रयोगशाळेत पाव-बिअरच्या यीस्टच्या अन्नातला नत्र (नायट्रोजन) तोडतात आणि पोटॅशियम ॲसिटेटवर ठेवतात. मग गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या पेशीत अर्धसूत्री विभाजन होतं आणि तिच्याच जुन्या भित्तिकेच्या आत चार बीजाणू तयार होतात, प्रत्येकात एकच संच. म्हणजे कळी हे सुकाळाचं लक्षण आणि बीजाणू दुष्काळाचं. दोघांना एकच नाव कसं द्यायचं?

आता बीजाणू की बीजुक. विश्वकोशात बीजुक भेटतं, शाळेच्या पुस्तकात बीजाणू. मला स्वतःला बीजुक आवडतं, छोटंसं बीज असा साधा अर्थ आहे. पण जीवाणू, विषाणू, शुक्राणू यांच्या पंगतीत बीजाणू जाऊन बसला, आता त्याला उठवणं कठीण. तुमचे वाचक विद्यार्थी असतील तर बीजाणूच लिहा. फक्त एका वहीत दोन्ही नकोत.

‘बीज’ दोन्ही शब्दांत आहे आणि दोन्हींत थोडं फसवं आहे. खऱ्या बीजात भ्रूण असतो. बीजाणू म्हणजे बहुधा एक पेशी, फार तर काही पेशी. ही फसगत आपली नाही, ‘स्पोअर’च्या मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ पेरणी, बियाणं असाच आहे. बॅसिलस जीवाणूंच्या बाबतीत तर गंमतच. तिथे एका पेशीतून एकच अंतर्बीजाणू (पेशीच्या आत घडणारा बीजाणू) होतो. संख्या वाढतच नाही, नुसता तग धरायचा.

स्पोर्युलेशनला बीजाणुनिर्मिती किंवा बीजाणुजनन. इथे ‘णु’ ऱ्हस्व: सुटा शब्द बीजाणू, पण समासात आधी आला की बीजाणुधानी (बीजाणू जिच्यात होतात ती पिशवी), जसं अणू पण अणुभट्टी, वायू पण वायुसेना. क्रियापद हवं असेल तर ‘स्पोर्युलेट झाले’ कशाला? फळ धरतं तसे ‘बीजाणू धरले’ लिहा.

शेतात मात्र बीजाणू हा शब्द लागतच नव्हता. एकटा बीजाणू डोळ्यांना दिसत नाही, ढीग दिसतो, आणि नावं पडली ती ढिगाला. गव्हाच्या पानाला बोट लावलं की तांबूस भुकटी लागते, तो तांबेरा; ती भुकटी म्हणजेच बीजाणू. मैदानातल्या उन्हाळ्यात तो टिकत नाही, डोंगरांवरून वाऱ्याबरोबर पुन्हा येतो, हे आग्र्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनी दाखवून दिलं. द्राक्षावरची भुरी तशीच, पांढुरकी. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळ्या पुडीची पिशवी होते, ती काणी. मळणीत पिशव्या फुटतात, पूड चांगल्या दाण्यांना चिकटते आणि पुढच्या वर्षीच्या पेरणीत शिरते. म्हणून तर बियाण्याला किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळायची पद्धत. घरात पावसाळी पापडावर बुरा येतो, त्यातही पांढरी लव म्हणजे तंतू आणि हिरवी-काळी पूड म्हणजे बीजाणू.

आणि वहीत अळिंबीचं (मशरूमचं) प्रकरण असेल तर एक खड्डा चुकवा. धिंगरी ही अळिंबी लावणारे ज्याला ‘बी’ म्हणतात आणि पिशवीतून विकत आणतात, ते असतात उकडलेले, निर्जंतुक केलेले गव्हासारखे दाणे, त्यांवर बुरशीचे पांढरे तंतू वाढवलेले. तिथे ‘बी’च राहू द्या, नाहीतर स्पॉन लिहा, बीजाणू लिहू नका.