भयकथेच्या आधी वॉर्निंग कशी द्यावी

अरे, वॉर्निंग दिली की कथेतली भीती कमी होईल असं वाटतंय ना तुला, तसं काही होत नाही. भूत, रक्त, अंधार यासाठी वॉर्निंग लागतच नाही, भयकथा उघडणारा ते धरूनच चालतो. पण आत्महत्या, बलात्कार, लहान मुलांचा छळ, गर्भपात, प्राण्यांचे हाल, हे ज्याने स्वतः भोगलंय त्याला ते अचानक समोर आलं की मजा नाही येत रे, जुनं सगळं उसळून वर येतं आणि तो माणूस दिवसभर सावरत बसतो.

आणि नुसतं 'विचलित करणारा मजकूर' लिहू नकोस, त्यातून काहीच कळत नाही. विषयाचं नाव घे, घटना सांगू नकोस. 'कथेत आत्महत्येचा उल्लेख आहे' एवढं पुरे, कोण करतं, का करतं ते कथेतच राहू दे. विषयाच्या नावानेच ट्विस्ट फुटत असेल तर सुरुवातीला फक्त 'वॉर्निंग शेवटी दिली आहे' असं टाक, ज्याला हवी तो आधी खाली जाऊन बघेल.

'कमजोर हृदयाच्यांनी वाचू नये' हे मात्र प्लीज नको, ती जाहिरात झाली, त्याने कोणाचीच काळजी घेतली जात नाही. आणि हो, आत्महत्येचा सीन असेल तर वॉर्निंग दिलीस तरी पद्धतीचे डिटेल्स गाळच.