ल्युथरन मंडळी नक्की काय मानते? तारण, म्हणजे पापातून सुटका, फक्त विश्वासाने होत असेल तर चांगलं वागायची गरज काय, आणि ज्याचा विश्वास कमी पडतो त्याचं काय?

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा तुकडा वाचला आणि लगेच लिहायला बसलो. 'ज्याचा विश्वास कमी पडतो त्याचं काय', हेच माझ्या दादाने मला आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या पलंगाशेजारी उभं राहून विचारलं होतं आणि तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता.

१५१७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला मार्टिन ल्युथर या भिक्षूने पैसे घेऊन पापमाफी देण्याविरुद्ध ९५ प्रबंध मांडले, तिथून आमची मंडळी सुरू झाली, तो इतिहास सोडतो. मंडळीचा गाभा सांगायचा तर देव माणसाला नीतिमान ठरवतो ते ख्रिस्तामुळे, कृपेने, फुकट, आणि माणूस ते विश्वासाने स्वीकारतो. १५३० चा ऑग्सबर्ग विश्वासांगीकार म्हणजे आम्ही काय मानतो ते सांगणारा दस्तऐवज, त्याचं चौथं कलम हेच आहे, बाप्तिस्मा, प्रभुभोजन (येशूच्या नावाने भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी), उपदेश, पाळकाचं म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूचं काम, सगळं याच एका खुंटीवर टांगलेलं आहे. पवित्र शास्त्राचा शब्द सगळ्यांच्या वर, पोप असो की धर्मसभा. इथपर्यंत कुठेही वाचायला मिळेल. लोकांची गडबड होते ती 'विश्वास' या शब्दावर. त्यांना वाटतं विश्वास म्हणजे आपण देवाकडे भरायची फी, पुण्य कमी आहे ना, मग विश्वास भरा आणि आत या. अहो तसं असेल तर तेही कर्मच झालं की!

आम्ही दोघं भाऊ लहान असताना अण्णा रोज संध्याकाळी ल्युथरची लहान प्रश्नोत्तरावली पाठ करून घ्यायचे. १५२९ ची आहे ती, घरच्या माणसाने मुलांना शिकवावी म्हणूनच लिहिलेली. त्यात पवित्र आत्म्याबद्दलच्या भागाचा अर्थ सांगताना सुरुवातच अशी आहे की मी माझ्या स्वतःच्या बुद्धीने किंवा बळाने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्याने मला शुभवर्तमानातून, म्हणजे येशूच्या सुवार्तेतून बोलावलं. मी 'बुद्धीने'च्या पुढे कायम अडखळायचो आणि अण्णा टेबलावर बोटाने टक टक करत थांबायचे, पुढचा शब्द काही सांगायचे नाहीत. दादाला ते एका आठवड्यात पाठ झालं होतं.

पुढे मोठेपणी दादा दुसऱ्या मंडळीत गेला. तिथे त्याने पाण्यात बुडी घेऊन परत बाप्तिस्मा घेतला, कारण तान्ह्या बाळाला काय कळतं, त्याचा बाप्तिस्मा खरा कसा, असं त्याचं म्हणणं. आमचं म्हणणं उलटं आहे आणि ते मी आजही ठासून सांगतो. बाप्तिस्मा देव देतो, माणूस नाही, म्हणून बाळाला काही करता येत नाही हीच तर त्यातली सगळ्यात खरी गोष्ट आहे. यावरून आमच्यात इतकं वाजलं की मग तो विषयच घरात बंद झाला.

मग अण्णांची स्मरणशक्ती गेली. आधी नावं, मग घर, मग आम्ही. एके दिवशी पाळकसाहेब घरी प्रभुभोजन द्यायला येणार होते, त्याच्या थोडं आधी दादा अण्णांच्या पलंगाशी वाकला आणि विचारलं, अण्णा, येशू कोण? अण्णांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, माहीत नाही. दादाचा चेहरा पडला, तो माझ्याकडे वळून म्हणाला, आता सांग, विश्वासाने तारण ना, मग यांचं काय? त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तो मला हरवायला विचारत नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं, पण राग आलाच. वडिलांची परीक्षा घेतोस?

पाळकसाहेब आले, छोटी डबी उघडली, शास्त्रातली वचनं म्हटली. अण्णांनी ओंजळ पुढे केली, का ते त्यांनाच माहीत. भाकरीची चकती हातात पडल्यावर त्यांनी ती मोडली आणि अर्धी दादाच्या पुढे धरली. आमच्या लहानपणी हातात काहीही आलं तरी ते असंच करायचे. दादाने घेतली नाही, त्याच्या मंडळीत ही नुसती आठवण, नुसतं चिन्ह. आम्ही मानतो की त्या भाकरीत, भाकरीसोबत आणि भाकरीखाली प्रभूचं शरीर खरोखर आहे. हा वाद काही आमच्या घरातच सुरू झाला नाही, १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्युथर आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंग्ली याच मुद्द्यावर समोरासमोर बसले, ल्युथरने टेबलावर खडूने 'हे माझे शरीर आहे' असं लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आणि बाकी बहुतेक सगळं जमूनही त्या एका मुद्द्यावर दोघं वेगळे झाले. अण्णांचा हात मात्र थरथरायला लागला तरी खाली येईना. शेवटी मी पाळकसाहेबांकडे बघितलं, ते मान हलवून हो म्हणाले, आणि तो अर्धा तुकडा मी घेतला.

दादाला तेव्हा देता न आलेलं उत्तर हे की विश्वास म्हणजे आठवण नाही, आणि तो अण्णांच्या डोक्यात साठवलेला मालही नाही. ज्या ओळीवर मी अडखळायचो तीच ओळ हे सांगते. स्वतःच्या बुद्धीने नाही! मग बुद्धी गेल्यावर काय गेलं? बाप्तिस्म्यात देवाने दिलेलं वचन अण्णांच्या बाहेर होतं, तिथेच राहिलं.

आता तुमचा चांगलं वागण्याचा प्रश्न. चांगलं वागायचंच, पण देवाला त्याची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. तारण आधीच मिळालंय म्हटल्यावर हात मोकळे होतात, ते शेजाऱ्यासाठी वापरायचे. ज्याचं जे काम, सुतार असो, आई असो, तीच त्याची देवसेवा. १५२२ मध्ये विवाहावर लिहिताना ल्युथर म्हणतो की बाप बाळाची लंगोटं धुतो तेव्हा लोक त्याला हसतील, पण देव आणि देवदूत आनंदाने हसतात. आणि हे लिहिताना मला कबूल करायलाच हवं की अण्णांचे खराब कपडे रात्री-अपरात्री उठून दादानेच धुतले, मी आठवड्यातून दोनदा जायचो.

सगळ्या ल्युथरन मंडळ्या सारख्या नाहीत हे सांगायचं राहिलं. काही मंडळ्यांत बायका पाळक होतात, काहींत नाही, प्रभुभोजनाला कोणाला घ्यायचं यावरही मतभेद आहेत. आणि ल्युथरचं सगळंच आम्ही डोक्यावर घेत नाही, १५४३ मध्ये त्याने यहुद्यांविरुद्ध जे लिहिलं ते भयंकर आहे आणि जागतिक ल्युथरन संघाने १९८४ मध्ये ते साफ नाकारलं.

बाकी तुमच्या ओळखीचं कुणी ल्युथरन कुटुंब असेल तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. त्यांच्यासोबत एका रविवारी जा, मागच्या बाकावर बसा. सुरुवातीला सगळे मिळून पापकबुली देतात, पाळकही देतात. मग पाळक वळून मंडळीला पापक्षमा जाहीर करतात, तुमचा विश्वास किती हे कोणालाही न विचारता. तेवढंच नीट ऐका. मी दादालाही चार वर्षं हेच सांगतोय, एकदा ये, माझ्याशेजारी बसू नकोस हवं तर. अजून आलेला नाही.