काल्पनिक गावात माणसं कशी भरायची, आणि ती एकसारखी का वाटतात?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रं रंगवायच्या खेळासाठी तुम्ही गाव रचताय, आणि तुमच्या प्रश्नातली खरी अडचण शेवटच्या वाक्यात आहे. नदीकाठचं 3000 वस्तीचं गाव, चाळीस एनपीसींची (खेळ चालवणाऱ्याने सांभाळायच्या पात्रांची) यादी तयार, प्रत्येकाचं नाव, वंश, दिसणं, स्वभाव लिहून झालेलं, आणि तरीही ‘सगळे एकसारखेच वाटतात’. वाटणारच. लंगडा लोहार, बोलघेवडी खानावळवाली, तिरसट पहारेकरी ही नुसती वर्णनं झाली. टेबलावर बसलेले प्लेयर त्यांना एकच गोष्ट विचारणार, ‘इथे काय चाललंय?’ आणि त्यावर चाळीसही जण एकच उत्तर देणार, कारण त्यांच्यातल्या कुणाचंच कुठे काही अडलेलं नाही.

म्हणून आधी गावाला एक न सुटलेला प्रश्न द्या, माणसं नंतर. हा प्रश्न ड्रॅगनचा नको. ड्रॅगन नको यावर सगळ्या गावाचं एकमत असतं, आणि एकमत झालं की माणसं पुन्हा सारखी होतात. ज्यात निम्म्यांचा फायदा आणि निम्म्यांचं नुकसान आहे असं काहीतरी हवं.

तुमच्याकडे नदी आहेच. समजा तिच्यावर पूल नाही. पलीकडे जायचं तर दोरखंडाला धरून ओढत नेण्याची नाव, आणि त्या नावेचा मक्ता पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे. आता गावाच्या पंचांनी पूल बांधायचं काढलंय. एवढंच ठरवा आणि एकेकाला विचारत जा. मक्तेदाराचा विरोध उघड आहे. खानावळवालीचाही विरोध, पण ती तो बोलून दाखवत नाही; नाव चुकलेले प्रवासी रात्रीचे तिच्याकडेच उतरतात. गवंड्यांना पूल हवाय. मंदिरातला मोठा पुजारी नदीपूजेच्या दानावर जगतो, त्याला पुलाला देवाचाच नकार दिसतोय. धाकटी पुजारीण दर पावसाळ्यात बुडालेल्यांचे अंत्यसंस्कार करून थकली आहे, तिला पूल कालच व्हायला हवा होता. आणि दोरखंड वळणारी विधवा कात्रीत सापडली आहे: नाव बंद झाली तर तिचं मोठं गिऱ्हाईक गेलं, पण त्याच गिऱ्हाइकाने तिचे दोन वर्षांचे पैसे थकवलेत.

यातल्या एकाचंही नाक कसं आहे हे मी सांगितलेलं नाही, तरी पुजारी आणि पुजारीण यांच्यात तुमची गल्लत होणार नाही. पार्टीला, म्हणजे प्लेयरांच्या पात्रांच्या टोळीला, नदी ओलांडायची असो की जुना नकाशा हवा असो, ही माणसं आपापला डाव पुढे रेटतच बोलतील. अशी आठ माणसं पहिल्या तीन-चार सेशनला (खेळाच्या बैठकांना) पुरतात. उरलेल्या बत्तीस जणांचं वर्णन खोडा, फक्त नाव आणि धंदा ठेवा. पार्टी वाटेतल्या कुणाला तरी पकडून ‘तुझं नाव काय?’ विचारतेच, तेव्हा ती यादी उपयोगी पडेल.

आता आकडे. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या, लोकांत एक जुनं कोष्टक फिरतं, एस. जॉन रॉस यांनी केलेलं. किती वस्तीमागे कुठल्या धंद्याचा एक माणूस, असा त्याचा हिशोब आहे आणि तो 1292 सालच्या पॅरिसच्या कर-नोंदींवर बेतलेला आहे. त्यात चांभार 150 माणसांमागे एक, शिंपी 250, न्हावी 350, बेकरीवाला 800, लोहार 1500, दोरखंडवाला 1900, प्रवाशांना उतरायची खानावळ 2000, पुस्तकविक्रेता 6300. तुमच्या 3000 ला भागून पाहा: वीस चांभार, बारा शिंपी, आठ-नऊ न्हावी, लोहार फक्त दोन. दोरखंडवाले दीड, म्हणजे एकच धरला तरी चालेल (वरची विधवा इथूनच आली). पुस्तकाचं दुकान नाहीच.

मला या कोष्टकाचं मोल अचूकतेपेक्षा त्यातून निघणाऱ्या गोष्टींत वाटतं. वीस चांभार असतील तर त्यांची संघटना असणार, गल्ली असणार, पंचायतीत वजन असणार. लोहार दोनच असतील तर ते एकमेकांशी बोलत तरी नसतात किंवा दोघांनी मिळून भाव बांधून घेतलेला असतो. पुस्तकाचं दुकान नाही, मग विझर्डला (जादूगाराला) पुस्तक मिळणार कुठे? मंदिराच्या पेटीत, नाहीतर एखाद्या कर्जबाजारी सरदाराच्या घरी. ‘दुकानात जाऊन घेतो’ यापेक्षा ते कितीतरी बरं. तोच हिशोब 150 माणसांमागे एक शिपाई धरतो, म्हणजे तुमच्या गावात वीस शिपाई. वेशी, रात्रपाळी, आजारपण वजा करा; एका वेळी रस्त्यावर जेमतेम सहा-सात उरतील. पार्टीने दंगा केल्यावर कवचधारी पन्नास जण धावून येतात तो प्रकार आपोआप बंद होतो.

मात्र हे आकडे डोळे मिटून लावू नका. पॅरिस हे तेव्हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं. आजूबाजूच्या खेड्यांना सेवा देणाऱ्या छोट्या गावात नांगराचे फाळ आणि घोड्यांचे नाल यांचंच काम इतकं असतं की लोहार जास्त लागतील आणि फर शिवणारे जवळजवळ लागणारच नाहीत.

खेड्यांवरून आठवलं, बाजाराचा दिवस नक्की ठेवा. 13व्या शतकातले इंग्लिश कायदेपंडित ब्रॅक्टन यांच्या मते दोन बाजारांत किमान 6⅔ मैलांचं, म्हणजे पावणेअकरा किलोमीटरच्या आसपास अंतर हवं. त्यामागचा हिशोब छान आहे: माणसाची दिवसाची वाटचाल 20 मैल धरली, तर एक तृतीयांश दिवस जायला, एक तृतीयांश खरेदी-विक्रीला, उरलेला परतायला. म्हणजे तुमच्या गावाला आठवड्यातून एकदा वेगळाच चेहरा येतो. अनोळखी माणसं, उधारी वसूल करणारे, खिसेकापू, बातम्या. पार्टी त्या दिवशी आली तर पुलाबद्दल भलतंच ऐकेल, कारण पलीकडच्या खेड्यांना पूल हवाच आहे.

मुलंही विसरू नका. कारखानदारीच्या आधीच्या समाजांत साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लोक 15 वर्षांखालचे असत, पण खेळातल्या गावांत बहुतेक सगळे पस्तिशीचे पुरुष असतात आणि प्रत्येकाच्या कमरेला तलवार असते. तुमच्या गावात हजारभर पोरं आहेत. ती गुरं राखतात, भट्टीचा भाता हलवतात, निरोप पोचवतात आणि मोठ्यांचं बोलणं ऐकतात. पार्टीला माहिती हवी असेल तर दारूच्या गुत्त्याइतकीच तीही उपयोगाची. विधवांचंही तसंच: युरोपातल्या बऱ्याच शहरांत नवऱ्यामागे त्याचं दुकान चालवायची मुभा कारागिरांच्या संघटना विधवेला देत. तेव्हा दोरखंडाचा धंदा एका बाईच्या हाती असण्यात नवल काही नाही.

जादूचं मात्र नीट बसून ठरवा. इथेच बहुतेकांची गावं पोकळ निघतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत ‘प्लांट ग्रोथ’ नावाचा तिसऱ्या पातळीचा मंत्र आहे. आठ तास बसून म्हटला की अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतल्या पिकांचं उत्पन्न वर्षभर दुप्पट. पाचव्या लेव्हलचा ड्रूइड (निसर्गाची जादू करणारा) हे करू शकतो. असा एकच ड्रूइड जवळच्या रानात राहत असेल तर गावातला सर्वांत ताकदवान माणूस तोच. पेरणीच्या आधी तो कुणाच्या शेतात बसतो, कुणाचं शेत टाळतो, त्याला खूश ठेवायला कोण काय देतं? आणि पुलासाठी त्याच्या रानातली झाडं तोडायची झाली तर? बघा, पुलाच्या भांडणात नववा माणूस आपण होऊन आला. बरे करणाऱ्या पुजाऱ्याचंही हेच. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिककडे (असा पुजारी) दिवसाला दोनच स्पेल स्लॉट, म्हणजे असे मंत्र दोनदाच. दाराशी सात जखमी उभे असतील तर दोन कोण, हे कुणीतरी ठरवतं, आणि त्या ‘कुणीतरी’ला गावात कुणी वाकडं बोलत नाही. जादू फक्त पार्टीसाठीच आहे असं तुमच्या जगात असेल तर हा भाग सोडून द्या, पण तसं स्पष्ट ठरवून सोडा.

टेबलावर प्रत्येक महत्त्वाच्या माणसाचं एक कार्ड, त्यावर तीन ओळी: त्याला काय हवंय, तो कुणाच्या दबावाखाली आहे, आणि पार्टी दारात आली तेव्हा हाताने काय करत होता. तिसरी ओळ क्षुल्लक वाटेल, पण नावेचा तळ डांबराने माखता माखता बोलणारा मक्तेदार ‘उंच, राकट, दाढीवाला’पेक्षा जास्त लक्षात राहतो. नावांची पहिली अक्षरं वेगवेगळी ठेवा. रुद्रन, रुमेल आणि रुवाक एकाच गावात असले की प्लेयर तिघांनाही ‘तो रु-वाला’ म्हणायला लागतात. आवाज बदलायची कला नसेल तर बोलण्याची सवय बदला: एक जण प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतो, दुसरी समोरच्याचं वाक्य पुरं होऊच देत नाही.

दोन सेशनच्या मध्ये दहा मिनिटं काढून फक्त पुलाचं काम एक पाऊल सरकवा. पार्टी तिकडे गुहेत असताना मक्तेदाराने पंचांपैकी एकाला फोडलं, किंवा पुलाच्या पहिल्या खांबाचे दगड रात्रीतून गायब झाले. कुणी केलं हे त्या आठ कार्डांतून निवडा. पार्टी परत आली की त्यांना काही समजावून सांगू नका, नावेसाठी लागलेली रांग दुप्पट झालेली दाखवा. पुढचं ते स्वतःच विचारतील.