बडोद्यात पूर आला तर हॅम रेडिओवरून सरकारी यंत्रणेला मदत करता येते का?

हो, येते, पण हॅम म्हणजे हौशी वायरलेस, त्यासाठी आधी परवाना हवा. दूरसंचार विभागाची एएसओसी, म्हणजे हौशी केंद्रचालक प्रमाणपत्राची, परीक्षा द्या. वय किमान १२ वर्षं. सुरुवातीला रिस्ट्रिक्टेड ग्रेड, म्हणजे खालची श्रेणी, पुरे; त्यात मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) येत नाही. नियम १९७८ चे. एरवी हॅमनं तिऱ्हाइताचे निरोप पोचवायचे नसतात, पण पूर, भूकंप, वादळ अशा वेळी कलेक्टरसारख्या अधिकाऱ्यांचे निरोप पोचवायची मुभा त्यातच आहे. २००१ च्या भूकंपानंतर कच्छात हॅमवाल्यांनी हेच केलं. म्हणून नाव आधीच कलेक्टर कचेरीच्या आपत्ती विभागात नोंदवा; विश्वामित्री नदी काळ्या घोड्याच्या पुलापाशी २६ फुटांच्या धोक्याच्या खुणेवर गेल्यावर तिथं कोणाला वेळ असणार! आणि सराव निरोप लिहून घेण्याचा करा: वेळ, ठिकाण, माणसं किती, काय हवंय. वाचून दाखवायचा, समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. 'दांडियाबाजार, पाच जण'चं 'पंचवीस जण' झालं तर होडी भलतीकडे जाते. सोबत १२ व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी ठेवा, वीज आधी जाते. एक मात्र सांगतो, ऑनलाइन मिळणारा स्वस्त वॉकीटॉकी घेऊन परवान्याविना हॅमच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.