घळीतली पायवाट दर पावसात वाहून जाते, काय करू?

प्रश्न: जवळच्या घळीतल्या पायवाटेवर आमचा ग्रुप वर्षभर चालायला जातो. पण पावसाळा संपला की वाटेच्या मधोमध चर पडलेला असतो, दगड उघडे पडतात, आम्ही माती टाकून भरतो आणि पुढच्या पावसात ती पण जाते. काही कायमचा उपाय आहे का?

उत्तर: माती टाकणं आधी बंद करा. चर माती कमी पडली म्हणून पडत नाही, पाणी वाटेवरून वाहत राहतं म्हणून पडतो, आणि तुमची नवीन भुसभुशीत माती तर त्याला आयतीच मिळते. पाऊस थांबल्यावर वरच्या सुरक्षित भागात एक चक्कर मारा आणि पाणी वाटेवर कुठून येतं, कुठे बाहेर पडतं एवढंच बघा. बहुतेक ठिकाणी हेच दिसेल की पायांनी मधला भाग दबलाय, दरीकडची कड उंच राहिलीये आणि वाटेचं पन्हाळ झालंय, मग पाणी जाणार कुठे? ती कड कुदळीने छाटा आणि वाटेला दरीच्या बाजूला हलका उतार द्या, मीटरभर रुंद वाटेला बाहेरची कड ५ सेंटिमीटर खाली, बास. जास्त दिलात तर ओल्यात पाय घसरतात.

लांबलचक चढ असेल तर मध्येमध्ये वाट जराशी खाली उतरून परत चढेल असे खोलगट भाग करा, पाणी तिथे येऊन बाजूला निघून जातं. आडवे दगड किंवा ओंडके लावले तरी चालतात, पण त्यांच्यामागे गाळ साठतो आणि तो काढला नाही तर पाणी सरळ वरून जातं, म्हणून पावसाच्या आधी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा फावडं घेऊन जायलाच हवं. वाटेचा चढ सरासरी १० टक्क्यांच्या आसपास (म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ) आणि डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी असेल तर ती टिकते. त्याहून खडी असेल तिथे दगडी पायऱ्या करा नाहीतर वाट वळवून घ्या. आणि वळणं टाळून सरळ खाली उतरणारे शॉर्टकट वाळलेल्या फांद्या टाकून बंद करा प्लीज, कारण पुढच्या पावसात पाणी पण तोच शॉर्टकट घेतं. हो, जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घेऊनच कुदळ लावा.

प्रश्न: मग वर्षभर जायला हरकत नाही ना? डोक्यावर ढग नसले की आम्ही बिनधास्त आत शिरतो.

उत्तर: हे बिनधास्त वाचून मला काळजी वाटली. १२ ऑगस्ट १९९७ ला अमेरिकेत अॅरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅनियन या अरुंद घळीत ११ जण अचानक आलेल्या पुरात मरण पावले, आणि वादळ झालं होतं बरंच वरच्या अंगाला, कॅनियनपाशी पाऊस जवळजवळ नव्हताच. त्यामुळे हवामानाचा अंदाज बघायचा तो घळीला पाणी जिथून येतं त्या सगळ्या भागाचा, आणि तिथे पावसाची शक्यता असेल तर अरुंद भागात जायचंच नाही. आत असताना पाणी अचानक गढूळ झालं किंवा वरून घरघर ऐकू आली तर सामान सोडा आणि उंचावर चढा.

बाकी दिवस मात्र मनसोक्त जा. पावसानंतर चिखल वाळेपर्यंत थांबा, आणि डबकं आलंच तर त्याला वळसा न घालता मधूनच जा, वळसे घालूनच वाटा रुंद होत जातात. उन्हाळ्यात भिंती तापून संध्याकाळीही धग मारतात तेव्हा पहाटेच निघा, तासाला साधारण अर्धा लिटर पाणी धरा. थंडीत थंड हवा तळाशी साचते आणि ऊन उशिरा उतरतं, वर छान वाटत असलं तरी आत एक जास्तीचा कपडा लागतो. पण भिंती नीट बघायच्या तर मला हाच काळ आवडतो, ऊन तिरकं असतं आणि खडकाचे थर एकेक करून सुटे दिसतात. त्याच भिंतींच्या फटींत अडकलेल्या काटक्या आणि गवत पण शोधा, मागचा पूर किती उंच आला होता ते तिथे दिसतं. त्या खुणा तुमच्या डोक्याच्या वर असतील तर विश्रांतीला तिथे बसू नका, पुढची उंच जागा बघा.